खोकल्याची नोंद

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत सारी हयात घालविलेल्या एका वृद्ध कामगार स्त्रीच्या मुलाखतीचा टंकलिखित मजकूर एका संशोधक स्नेह्याकडे माझ्या पाहण्यात आला, आणि त्यात जागोजागी, मिनिट-सेकंदांच्या आकड्यांसह, कंसात ‘खोकला’ अशी नोंद आढळल्यामुळे, परक्या माणसाचा खोकला इतक्या इमानाने दप्तरी दाखल करणारा हा कारकून आहे तरी कोण, या कुतूहलाने मी बेळगावला गेलो.

कारकून निघाल्या एक बाई. शहापुरातल्या एका माडीवर कानाला हेडफोन लावून त्या बसतात. मेजाखाली पेडल असते. ते दाबले की आवाज चालू होतो, पाय उचलला की थांबतो, आणि पुन्हा दाबताच दोन सेकंद मागून बोलू लागतो, म्हणून हातांना कळफलक सोडावा लागत नाही. एडिसनने १८७८ साली आपल्या फोनोग्राफचे उपयोग गणले, तेव्हा संगीताच्याही आधी पत्रे तोंडी सांगून लिहविण्याचे काम त्याने पहिले धरले होते. त्या कल्पनेचा हा वंशज आज बाईंच्या अनवाणी पायाखाली आहे.

“तासाभराच्या बोलण्याला सहा तास लागतात बघा सर,” बाई म्हणाल्या. “वखारीतलं असलं की ते बी पुरत नाहीत.”

वखारीतले म्हणजे कसे, ते त्यांनी मला ऐकविले. चाळणीची घसर, पोती ओढल्याचा आवाज, मागून कोणाची तरी कानडीत हाक आणि तिला मराठीत गेलेले उत्तर, आणि वाक्याच्या ऐन मध्यावर तो कोरडा, खोलवरून आलेला खोकला. रेकॉर्डर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेतो खरा, परंतु त्यातले बोलणे कोणते आणि गलका कोणता, हा निवाडा त्याच्या अखत्यारीतला नव्हे.

निपाणीचा हा इतिहास तसा दुर्लक्षित नाही. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू-उत्पादक शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर रस्ता रोखून धरला आणि ६ एप्रिलला तेथे गोळीबार झाला, हे सर्वश्रुत आहे. वखारीतल्या बायकांच्या संघटनेवर तर दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ गटाने १९८२ साली माहितीपट केला. त्या काळच्या तरुणी आता म्हाताऱ्या झाल्या असून त्यांच्या जबान्या टिपण्याची घाई अभ्यासकांना आज झाली आहे. घाई टिपण्याची, ऐकण्याचे काम या माडीवर येते.

बाईंनी एक जागा मला पुनःपुन्हा ऐकविली. म्हातारी संपाविषयी भरभरून सांगत असते, मालक दाराशी येऊन काय बोलला येथवर येते, खोकते, आणि त्यानंतर एकदम मुलीच्या लग्नाकडे वळते. मी म्हणालो, तंबाखूची भुकटी आयुष्यभर छातीत गेलेली, खोकला यायचाच.

“होय की. पण मालकाची गोष्ट निघाली की येतोय,” बाई म्हणाल्या. “मी तो काढलो, तर ती तिथं थांबली होती हे कुणाला कळणार?”

हे ऐकल्यावर तासाला सहा तास हा हिशेब मला मुळीच अवाजवी वाटेना. याउलट, अलीकडे काम देणारे लोक आधी संगणकाकडून उतरवून घेतलेला मसुदा पाठवितात आणि बाईंनी तो केवळ तपासावा अशी अपेक्षा धरतात. तसला एक मसुदा मी पाहिला. शुद्धलेखन आमच्या मुद्रितशोधकांना लाजविणारे. म्हातारीने ‘मी संपात गेलो’ म्हटले तेथे बिनतक्रार ‘गेले’ केलेले. आणि मालक दाराशी आला त्या वाक्याला मुलीच्या लग्नाचे वाक्य असे सांधलेले, की मध्ये काही घडले याची शंकासुद्धा येऊ नये. बाई तो मसुदा बाजूला ठेवून पहिल्या सेकंदापासून पुन्हा ऐकतात. सहाचे पाचही तास होत नाहीत. दर मात्र तपासणीचा, म्हणजे निम्मा, मिळतो.