आठ बाय सातचं स्वयंपाकघर, खाऱ्या वाऱ्यातलं

सुरतेजवळ हजीऱ्याला तापी समुद्राला मिळते. थोडं वर सुवाळीचा किनारा, आणि मधल्या पट्ट्यात पोलाद, खत, गॅस यांचे अवाढव्य कारखाने. त्यांच्या आसपास मोरा, दामका, राजगरी अशी गावं आहेत. तिथल्या बैठ्या घरांत मूळ गावकरी राहतात, तशीच कामाच्या निमित्ताने आलेली कुटुंबंही राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मराठी माणसं सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे या भागात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत काही परकं नाही. अशा एका बैठ्या घराचं स्वयंपाकघर नव्याने करायचं आहे, असं धरून चालू. लांबी आठ फूट, रुंदी सात. म्हणजे जेमतेम सव्वापाच चौरस मीटर.

जागा लहान आहे, पण अपुरी नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघराला किमान पाच चौरस मीटर जागा आणि १.८ मीटर रुंदी सांगितली आहे. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं, तेही १.९ बाय ३.४ मीटरचंच होतं. रेल्वेच्या भोजनडब्यातल्या चिंचोळ्या स्वयंपाकघराचा त्यांनी अभ्यास केला होता. स्वयंपाक करणाऱ्या बाईची किती पावलं वाया जातात, कुठलं भांडं कुठून उचलावं लागतं, हे मोजून मग भिंती आणि कपाटं ठरवली. आपल्याकडे बहुतेकदा बोलणं शटरच्या रंगावरून सुरू होतं आणि गॅस, वारा, पाणी यांचा विचार गवंडी कामाला लागल्यावर होतो. हा क्रम उलटा करायला हवा.

सुरुवात गॅसपासून करू. मुंबईजवळच्या समुद्रातल्या वसई क्षेत्राचा नैसर्गिक वायू पाइपातून हजीऱ्याला किनाऱ्यावर येतो. ओएनजीसीच्या प्रकल्पात त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढून टाकतात, आणि इथूनच तो विजयपूर, जगदीशपूरकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीत जातो. त्याच प्रकल्पात एलपीजीही निघतो. घरापुरता यातला महत्त्वाचा फरक वजनाचा आहे. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साचतो. पाइपचा नैसर्गिक वायू हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, तो छताकडे चढतो. म्हणून सिलिंडर असेल तर जमिनीलगत बाहेर उघडणारी जाळी हवी, आणि पाइपचा गॅस असेल तर छताजवळ. सुरतेकडच्या घरांत भांडी घासायला मागे खोलगट चोकडी असते. सिलिंडर तिच्या शेजारी कधीच ठेवू नये, कारण गळलेला गॅस नेमका तिथेच उतरतो.

सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर जाताना शेगडीचे जेटही बदलावे लागतात. पाइपच्या गॅसचा दाब कमी असतो आणि तेवढ्याच आकारमानात उष्णताही कमी, त्यामुळे जेटचं छिद्र मोठं लागतं. हे काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावं. मोठ्या छिद्राच्या जेटवर सिलिंडर जोडला तर ज्योत भडकते.

आता वारा. पावसाळ्यात इथे नैर्ऋत्येकडून समुद्राचा जोरदार वारा येतो. खिडकी त्या बाजूला असेल तर तिच्यासमोर शेगडी नको. ज्योत सतत हलते आणि वाऱ्याने विझलीच तर गॅस तसाच सुटत राहतो. खिडकीखाली सिंक घ्यावं, शेगडी तिच्यापासून दूर, आणि शेगडीच्या वर भिंतीत एक्झॉस्ट. पंखा केवढा, याचा हिशेब सोपा आहे. नऊ फूट उंची धरली तर खोलीत सुमारे चौदा घनमीटर हवा मावते. फोडणीचा ठसका आणि मिरच्या भाजण्याचा धूर लक्षात घेऊन तासाला वीस वेळा हवा बदलायची, तर २८० घनमीटर होतात. जाळीचा आणि भिंतीचा अडथळा धरून ताशी चारशे घनमीटरच्या आसपासचा पंखा घ्यावा. हा आकडा त्याच्या खोक्यावर छापलेला असतो. मात्र आत येणाऱ्या हवेला वाट हवी. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर पंखा नुसता फिरत राहतो.

ओटा आठ फुटांच्या भिंतीला लावावा, दोन फूट खोल. एका टोकाला सिंकसाठी दोन फूट, मग चिरायला-मळायला अडीच, शेगडीला अडीच, आणि शेवटी उतरवलेलं गरम पातेलं टेकवायला एक फूट. हा शेवटचा फूट बहुतेक जण गाळतात आणि मग जळतं भांडं हातात घेऊन जागा शोधतात. समोरच्या भिंतीला दुसरा ओटा नको. तिथे एक फूट खोल फडताळ पुरे, म्हणजे मध्ये चार फूट मोकळे राहतात आणि दोघी एकमेकींना न धडकता वावरू शकतात. उथळ फडताळात डब्यामागे डबा दडत नाही, हा आणखी एक फायदा. मोठी भांडी मागच्या चोकडीतच घासायची असतील तर सिंक लहान चालतं.

उंचीबाबत मी हट्टी आहे. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीवर सोडू नये. रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने सरळ उभं राहून कोपर दुमडावं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावं आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करावेत. पाच फूट उंचीच्या बाईला हा आकडा ३२ ते ३४ इंचांच्या दरम्यान येतो. शेगडीची स्वतःची उंची चार इंच, वर पातेलं. म्हणून शेगडीखालचा भाग चार इंच खाली घेतला तर खांदा उचलून ढवळावं लागत नाही. भाकरीचं गणित आणखी वेगळं. थापताना हातावर अंगाचा भार द्यावा लागतो, त्यासाठी २८ इंच बरे. फडताळाच्या एका टोकाला तेवढ्या उंचीवर दोन फुटांची पक्की कोट्याची फरशी बसवली तर परात तिथे स्थिर राहते. ड्रॉवरसारखी सरकणारी फळी थापण्याच्या धक्क्याने लवकर खिळखिळी होते. खापरावरचे मांडे मात्र या खोलीत नकोतच. त्यांना पसरट, मोठी आच लागते. मागच्या अंगणातली चूल त्यासाठी मोडू नका.

खारी हवा सगळ्यात आधी धातू खाते. स्टेनलेस स्टीलच्या गंजरोधक थराला मिठातले क्लोराइड भेदतात आणि तपकिरी ठिपके उमटतात. बाजारात २०२ आणि ३०४ या दोन्ही प्रती मिळतात. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, ती स्वस्त पडते आणि लवकर गंजते. चुंबक लावून फरक कळतो असं दुकानात सांगतात, पण साधारणपणे दोन्हींना चुंबक चिकटत नाही. बिलावर प्रत लिहून घ्यावी. सिंक, नळ, बिजागऱ्या ३०४ च्या घ्याव्यात. मॉलिब्डेनम मिसळलेली ३१६ मिठाला आणखी टिकते, पण महाग आहे.

ओट्याखाली पार्टिकल बोर्ड मुळीच नको. ओल लागली की फुगतो. माझं मत जुन्या पद्धतीच्या बाजूने आहे. कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फरश्या बसवाव्यात आणि पुढे जाळीची दारं. दगडाला वाळवी लागत नाही आणि ऑगस्ट २००६ सारखं तापीचं पाणी घरात शिरलं, तर धुऊन पुसून ती मांडणी पुन्हा वापरता येते. तेव्हा सुरतेचा बहुतांश भाग बुडाला होता. प्लायवुडच हवं असेल तर आयएस ७१० चा शिक्का पाहून घ्यावं. ओट्याच्या माथ्यावर मात्र ग्रॅनाइट बरा. कडप्पा आणि कोटा दोन्ही चुनखडीच्या जातीचे, लिंबू-चिंचेच्या आंबटाने त्यांच्यावर पांढरट डाग पडतात. ग्रॅनाइटला सिंककडे किंचित उतार द्यावा आणि पुढच्या कडेच्या खालून एक बारीक खाच मारावी, म्हणजे पाणी दारांवर न ओघळता तिथूनच गळून पडतं.

विजेची बटणं ओट्यापासून फूटभर वर, सिंक आणि शेगडी या दोन्हींपासून बाजूला. पुराचा विचार करता खाली एकही सॉकेट नको. सर्किटला विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. दिवा खोलीच्या मध्यावर असेल तर चिरताना आपलीच सावली विळीवर पडते, म्हणून ओट्यावरच्या फळीच्या पुढच्या कडेखाली एलईडीची पट्टी लावावी.

काम दिवाळीनंतर काढावं, कारण पावसाळी दमट हवेत प्लास्टर वाळत नाही. आधी सांडपाण्याचा पाइप आणि ट्रॅप, मग गॅसची आणि विजेची ओळ, मग टाइल, ओटा, रंग. शटरचा रंग तेव्हा निवडावा, खिडकीतून येणारा उजेड प्रत्यक्ष पाहून. शेगडी जोडल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना, हे पाहावं आणि मगच पहिला चहा ठेवावा.