नवशिक्याचा कॅट

चंद्रपुरास वैशाखाचे ऊन तापू लागले म्हणजे दुपारी मुलांस घरातच गुंतवून ठेवावे लागते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांच्या खेळात एकाच संचाची १२० पाने सर्वांस वाटली जातात. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेल्या, १९९३ साली निघालेल्या ‘मॅजिक’ या खेळात मात्र प्रत्येक गडी आपला ६० पानांचा कॅट स्वतःच जुळवून आणतो. मग पुष्कळदा थोरल्याच्या महाग पानांपुढे धाकटा हरतो आणि रडून उठतो.

अशा नवशिक्यास आम्ही मध्यम चालीचा कॅट सुचवितो. भूमीची पाने २४ घ्यावीत; त्यांच्याच बळावर इतर पाने खेळता येतात. प्राण्यांची २४ असावीत: दोन भूमींवर उतरणारी ८, तिहींवर ७, चारांवर ५ व पाचांवर ४. उरलेली १२ प्रतिपक्षाचे प्राणी निवारणाऱ्या मंत्रांची. रंग दोहोंहून अधिक नकोत. उतावळ्या गड्यास थोपवावे, सावकाश बळ जमविणाऱ्यावर वेळीच चाल करावी, हे या कॅटाचे मर्म होय.

यास साधी, स्वस्त पानेही पुरतात. म्हणून नवी पाकिटे विकत घेण्यापूर्वी वडील मंडळींनी धाकट्याजवळ बसून ही मोजदाद करावी. तो हरेलही, पण डाव टाकून उठणार नाही.