भिंतीवरचा माणूस आणि रस्त्यावरचा माणूस

मेक्सिको शहराच्या मेट्रोत स्थानकाचे नाव वाचता आले नाही म्हणून कोणाचे अडत नाही. प्रत्येक स्थानकाला नावाच्या जोडीने एक चित्र आहे. चापुल्तेपेकला नाकतोडा, कांदेलारियाला बदक, ला मेर्सेदच्या बाजाराला फळांची पेटी. ही मेट्रो ४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. त्या काळी पोटासाठी खेड्यापाड्यांतून शहरात आलेल्या असंख्य माणसांना अक्षरओळख नव्हती. लान्स वायमन या अमेरिकी चित्रकाराच्या देखरेखीखाली ही चिन्हे तयार झाली, ती अशा माणसांनाही वाट सापडावी म्हणून. 'साहेब, हे कोणते स्टेशन?' असे कोणाच्या तोंडाकडे बघत विचारण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. गंमत अशी की, चापुल्तेपेक या नावाचा अर्थच 'नाकतोड्यांची टेकडी' असा होतो आणि तो शब्द आहे नावात्ल भाषेतला, म्हणजे स्पॅनिश लोकांनी १५२१ साली जिंकून घेतलेल्या माणसांच्या भाषेतला. जितांची भाषा अशी जमिनीखालच्या फलकावर रोज लाखो लोकांना दिसते.

परदेशवारी करून आलेली माणसे बहुधा उंच इमारतींचे आणि काचेच्या दुकानांचे वर्णन करतात. तेवढेच हवे असेल तर सहल कंपन्यांची रंगीत पत्रके पुरेशी आहेत. आम्हाला मात्र कोणतेही मोठे शहर पाहताना तीन प्रश्न पडतात. इथल्या भिंतींवर कोणाची चित्रे आहेत? इथल्या बाजारात कोणाला बसायला जागा आहे? आणि इथल्या गाड्या कोणाच्या वस्तीपर्यंत जातात? २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ९२ लाख लोकसंख्येचे हे शहर तिन्ही प्रश्नांची उत्तरे उघड्यावर मांडून बसले आहे. त्यातली काही अभिमानाची आहेत, काही लाजिरवाणी आहेत.

आधी भिंती पाहू. १९१० साली सुरू झालेल्या क्रांतीची धुमश्चक्री शमल्यावर १९२१ मध्ये तेथे शिक्षण मंत्रालय स्थापन झाले. पहिले मंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी खेड्यांत शाळा काढणे, पुस्तके छापणे आणि सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या हवाली करणे ही कामे एकदमच हाती घेतली. दिएगो रिव्हेरा यांनी १९२३ ते १९२८ या काळात मंत्रालयाच्याच इमारतीत, दोन चौकांभोवती, तीन मजल्यांवर दोनशेहून अधिक चित्रफलक रंगवले. राजेरजवाडे त्यात नायक नाहीत. खाणीतून बाहेर पडणारा मजूर हात पसरून उभा आहे आणि मुकादमाचा माणूस त्याची झडती घेतो आहे, हे त्यातले एक चित्र. उघड्या रानात जमिनीवर बसून माणसांना शिकवणारी खेड्यातली शिक्षिका, हे दुसरे. रिव्हेरा, सिकेरोस, ओरोस्को यांच्यासारख्या चित्रकारांनी त्या काळात आपली कामगार संघटना काढली आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टांगायची चित्रे आम्हाला नकोत, असे जाहीर करून टाकले. कलावंताने स्वतःला कामगार म्हणवून घेणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

याच इमारतीत मराठी वाचकाने थबकावे असे एक चित्र आहे. एका मेजाभोवती साधी माणसे बसली आहेत आणि मध्यभागी बसलेला माणूस भाकरी मोडून वाटतो आहे. त्या माणसाचा चेहरा डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्यावरून घेतला, असे मानले जाते. वर्ध्यात जन्मलेले हे गदर चळवळीतले क्रांतिकारक पुढे मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत शिकवू लागले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. शेतकऱ्यांसाठी तेथे मोफत कृषिशाळाही त्यांनी उभ्या केल्या. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. विदर्भातला माणूस सातासमुद्रापार भिंतीवर गेला तो तलवार उगारून नव्हे, तर भाकरी वाटताना, ही आपल्याला ठाऊक असावी अशी गोष्ट आहे.

कोणी विचारील, निरक्षराच्या हाती चित्र देऊन त्याला निरक्षरच ठेवायचा हा डाव नव्हता काय? प्रश्न रास्त आहे. चित्र हा शाळेला पर्याय म्हणून दिला असता, तर ती फसवणूकच ठरली असती. परंतु ही चित्रे शिक्षण खात्याच्या भिंतीवर आहेत आणि त्याच खात्याने त्याच वर्षांत खेड्यांत शाळा काढल्या, हे विसरता कामा नये. माणूस शिकेपर्यंत त्याला ताटकळत ठेवायचे नाही आणि तो शिकण्याचे काम थांबवायचेही नाही, अशी ही दुहेरी भूमिका होती.

तरीही भिंतीवर मान मिळाला म्हणजे रस्त्यावर मिळाला असे होत नाही. हे खुद्द रिव्हेराच सांगून गेले आहेत. आलामेदा या जुन्या बागेवर त्यांनी १९४७ साली सुमारे १५ मीटर लांबीचे चित्र रंगवले. ते मुळात एका हॉटेलात होते. १९८५ च्या भूकंपात हॉटेलचे नुकसान झाले, तेव्हा ती अख्खी भिंत उचलून जवळच्या स्वतंत्र संग्रहालयात नेण्यात आली. चित्रात चारशे वर्षांतली बडी मंडळी रविवारी फिरायला आली आहेत, भरजरी कपडे आहेत, फुगे आहेत, पिसांच्या टोप्या आहेत. आणि त्याच गर्दीत एक पोलीस गरीब आदिवासी कुटुंबाला बागेतून हुसकावून लावतो आहे. बाग सार्वजनिक, पण सार्वजनिक म्हणजे कोण, हे त्या पोलिसाच्या हाताने ठरवलेले. आम्हाला हे चित्र परके वाटले नाही. या सदराच्या वाचकांनाही वाटणार नाही.

बाजारांची गोष्ट हीच. राष्ट्रीय प्रासादातल्या १९४५ च्या चित्रफलकात रिव्हेरांनी त्लातेलोल्कोचा जुना बाजार रंगवला आहे. मका, मासे, भाज्या, औषधी मुळ्या घेऊन बसलेल्या बायाबापड्या, आणि मागे पाण्यावर वसलेले तेनोच्तित्लान नगर. नावात्ल भाषेत बाजाराला 'तिआन्किस्त्ली' म्हणत. आजही आठवड्याच्या ठरल्या वारी रस्त्यावर पाल ठोकून भरणाऱ्या बाजाराला तेथे 'तिआंगिस'च म्हणतात. आपल्या आठवडी बाजाराची सवय असलेल्या माणसाला तिथे नकाशा लागत नाही. ला मेर्सेदला तर मेट्रोतून वर आले की माणूस थेट बाजारातच पाऊल ठेवतो. निवडुंगाच्या पानांचे काटे सुरीने सपासप काढणाऱ्या बाया, मिरच्यांचे ढीग, मक्याच्या गरम भाकऱ्यांचा वास.

सोकालो चौकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आबेलार्दो रोद्रिगेस नावाचा १९३४ सालचा बाजार आहे. भाजी बाजाराच्या भिंतीवर कोणी चित्रे काढतो काय? इथे काढली. रिव्हेरांच्या प्रभावळीतल्या तरुण चित्रकारांनी जिने आणि ओवऱ्या रंगवल्या. न्यूयॉर्कहून आलेल्या मॅरियन आणि ग्रेस ग्रीनवुड या बहिणी त्यांच्यात होत्या. धान्य कोण पिकवतो, नफा कोण खातो, हा विषय. इसामू नोगुची यांनी तिथे विटा आणि रंगीत सिमेंटचे सुमारे २२ मीटर लांबीचे शिल्प घडवले आणि त्यात आइन्स्टाइनचे समीकरणही कोरले. आज यातली बरीच चित्रे ओलीने खराब झाली आहेत, पण त्यांच्याखाली बाजार चालू आहे. कांदे घ्यायला आलेल्या माणसाला ती बघायला तिकीट पडत नाही.

मात्र चित्रातल्या बाजाराचे कौतुक करणारे शासन रस्त्यावरच्या बाजाराशी कसे वागते? ऑक्टोबर २००७ मध्ये शहराच्या ऐतिहासिक मध्यभागातून हजारो फेरीवाले हटवले गेले. २०२२ साली मध्यभागातल्या कुआउतेमोक विभागाच्या प्रशासनाने खाद्यपदार्थांच्या टपऱ्यांवरची हाताने रंगवलेली चित्रे आणि अक्षरे पुसायला लावून एकसारखा रंग आणि विभागाचे चिन्ह लावायचा हुकूम काढला. कारण काय, तर शिस्त आणि स्वच्छता! टपरीवरचा हसरा डुक्कर, वाफाळते मक्याचे कणीस, रंगाऱ्याच्या बोटातली वळणदार अक्षरे एका फटक्यात पांढरी झाली. नागरिक आणि कलावंत एकत्र आले, निषेध झाला, पुसल्या गेलेल्या फलकांची छायाचित्रे जमवण्यात आली. मंत्रालयाच्या भिंतीवरची ती कला आणि टपरीवरची ती घाण, हा भेद कोण ठरवतो, हा त्या निषेधामागचा खरा प्रश्न होता.

आता गाड्या. मेट्रोचे तिकीट २०१३ च्या डिसेंबरपासून पाच पेसो आहे. एका स्थानकापुरते जा की शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जा, भाडे तेवढेच. लांब राहणाऱ्या गरिबाला लांब राहण्याचा दंड नाही, हे त्या दराचे मर्म आहे. पिनो सुआरेसला गाडी बदलताना मेट्रो खोदताना सापडलेले वायुदेवतेचे छोटे गोल मंदिर वाटेतच लागते. ला राझाला विज्ञानाचा बोगदा आहे, अंधाऱ्या छतावर तारे चमकतात. ज्यांना संग्रहालयात जायला फुरसत नाही, त्यांच्या वाटेतच संग्रहालय.

परंतु ३ मे २०२१ च्या रात्री शहराच्या आग्नेय टोकाकडे जाणाऱ्या १२ क्रमांकाच्या मार्गाचा उन्नत पूल कोसळला आणि २६ माणसे मेली. तो मार्ग २०१२ मध्ये सुरू झाला होता, म्हणजे नऊ वर्षेही झाली नव्हती. तपासात बांधकामातले दोष पुढे आले. कडेच्या वस्त्यांना गाडी मिळाली, पण मजबूत पूल मिळाला नाही. गरिबांना दिलेली सोय कच्ची असली तरी चालते, ही वृत्ती माणसे मारते.

त्याच वर्षी याच शहराने दुसरे उदाहरणही घातले. इस्तापालापा हा १८ लाखांवर लोकसंख्येचा, पाण्यासाठी तहानलेला कष्टकऱ्यांचा विभाग. ऑगस्ट २०२१ मध्ये तेथे १० किलोमीटरहून लांब केबलबस सुरू झाली. तारेवरच्या पाळण्याने एरवी डोंगरावर हौशी पर्यटक चढतात. इथे त्यातून धुणीभांडी करणारी बाई, गवंडी, शाळकरी पोरे जातात, सात पेसोत. खाली पाहिले तर घरांच्या गच्च्यांवर मोठमोठी चित्रे रंगवलेली दिसतात. शंभर वर्षांपूर्वी मंत्रालयाच्या चौकात सुरू झालेली गोष्ट पत्र्याच्या आणि सिमेंटच्या छपरांवर पोचली आहे.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. शहर पाहायला जाल तेव्हा चित्र पाहा, आणि त्या चित्रात जी माणसे आहेत त्यांना चित्रासमोर उभे राहू दिले जाते का, तेही पाहा. बाजारात खरेदी करा, पण विकणारी बाई उद्या त्याच जागी बसू शकणार आहे का, हे तिलाच विचारा. गाडीत बसाल तेव्हा शेवटच्या स्थानकापर्यंत जा. शहराची खरी ओळख तिथे उतरल्यावर होते.