दुर्बल प्रतिकारशक्ती आणि प्रवासपूर्व आरोग्यसल्ला

दुर्बल रोगप्रतिकारशक्ती असलेल्या व्यक्तींना परदेशप्रवासापूर्वी दिला जाणारा विशेष वैद्यकीय सल्ला हा प्रवास वैद्यकशास्त्राचा एक भाग आहे. अवयवप्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी घेणारे, तसेच प्रगत अवस्थेतील एचआयव्ही संसर्ग असलेले रुग्ण या गटात येतात. प्रवासापूर्वी किमान ४ ते ६ आठवडे तज्ज्ञांचा सल्ला घेणे इष्ट असते.

लसीकरण

निष्क्रिय लसी या व्यक्तींना सामान्यतः सुरक्षित असतात. मात्र त्यांपासून मिळणारे संरक्षण अपुरे असू शकते. पीतज्वर, गोवर व कांजिण्या यांच्या लसींत क्षीण केलेले जिवंत विषाणू असतात. प्रतिकारशक्ती फार दुर्बल असल्यास ते अनिर्बंध वाढून गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णांना या लसी वर्ज्य असतात.

पीतज्वराचे प्रमाणपत्र

भारतासह अनेक देश पीतज्वराच्या क्षेत्रांतून येणाऱ्या प्रवाशांकडे लसीकरणाचे प्रमाणपत्र मागतात. लस वर्ज्य असल्यास आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियमांनुसार (२००५) डॉक्टर कारणांसह लेखी अभिप्राय देतात. तरीही आगमनानंतर प्रवाशाला ६ दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. या अभिप्रायामुळे प्रवेशाची अडचण सुटली, तरी रोगापासून संरक्षण मिळत नाही. पीतज्वरावर विशिष्ट विषाणुरोधक उपचार उपलब्ध नाही. त्यामुळे बाधित प्रदेशातील प्रवास टाळणे श्रेयस्कर ठरते. तो अटळ असल्यास दिवसाही डासांपासून बचाव करावा लागतो.

औषधे

हिवतापप्रतिबंधक काही औषधांमुळे प्रत्यारोपणानंतरच्या औषधांची रक्तातील पातळी बदलू शकते. लस घेण्यासाठी नियमित औषधे परस्पर बंद करणे धोकादायक असते. ती औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील सामानात ठेवतात.