मोऱ्यातली खोली भाड्याने देताना



उरणजवळ मोऱ्याला खोली घेतली, आता भाड्याने द्यायची आहे? भाऊच्या धक्क्याची लाँच तिथेच लागते, न्हावा-शेवा बंदरही जवळ, भाडेकरू मिळेल. पण नुसत्या शब्दावर किल्ली देऊ नका. उसाची नोंद नसेल तर तोड मागता येत नाही, तसेच हे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. उलट शाबीत करणे आपल्या गळ्यात.

भाडे थकले म्हणून पाणी-वीज तोडू नका. कलम २९ आड येते. लीव्ह-लायसन्सची मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. कागद आधी, किल्ली मागून!