एकट्याने, न थांबता: पृथ्वीप्रदक्षिणा मोजतात कशी?

फलटणजवळच्या विंचुर्णीहून समुद्र दिसत नाही. सातारा जिल्ह्यातल्या या गावात निवृत्तीनंतर व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी राहत. 1971 च्या युद्धात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचं नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेल्या या दर्यावर्दीच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती. भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून, एकट्याने पृथ्वीला वळसा घालावा. त्यांच्या पाठपुराव्यातून नौदलाची ‘सागर परिक्रमा’ मोहीम उभी राहिली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघून मे 2010 मध्ये परतले. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन अशी चार बंदरं त्यांनी घेतली. पुढे लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी त्याच होडीतून 1 नोव्हेंबर 2012 ला निघाले आणि 31 मार्च 2013 ला मुंबईत पोचेपर्यंत कुठेही थांबले नाहीत.

दोघंही ‘पहिले भारतीय’. एक एकट्याने प्रदक्षिणा करणारा पहिला, दुसरा एकट्याने आणि न थांबता करणारा पहिला. या एका शब्दाच्या फरकात केवढं काय दडलंय, ते नियम पाहिल्याशिवाय कळत नाही.

सांगलीत कृष्णेच्या पात्रात होड्यांची शर्यत लागली की दोन्ही काठ माणसांनी भरतात. कोण कुठून सुटलं, कोण आधी पोचलं, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडतं. महासागरात एकट्या माणसाला साक्षीदार नसतो. म्हणून साक्षीदाराचं काम नियमांना करावं लागतं.

वेगाचे विक्रम नोंदवणारी जागतिक संस्था म्हणजे वर्ल्ड सेलिंग स्पीड रेकॉर्ड कौन्सिल. तिच्या लेखी प्रदक्षिणा म्हणजे निघालात तिथेच परतायचं, सगळी रेखावृत्तं ओलांडायची आणि विषुववृत्तही ओलांडायचं. अंटार्क्टिकाभोवती दोन फेऱ्या मारून चालत नाही. शिवाय मार्गाची लांबी किमान 21,600 सागरी मैल हवी. हा आकडा 360 अंश गुणिले 60 मिनिटं असा येतो, म्हणजे विषुववृत्ताची लांबी.

खरी मेख पुढे आहे. हे मैल तुमची होडी प्रत्यक्षात किती फिरली त्यावरून मोजत नाहीत. निघाल्या बंदरापासून पृथ्वीच्या गोलावरून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग धरायचा आणि अंटार्क्टिकाला 63 अंश दक्षिणेवरून वळसा घातला असं मानायचं. मुंबईपुरता हा हिशेब करून पाहू. मुंबई साधारण 19 अंश उत्तरेला. तिथून 63 अंश दक्षिणेपर्यंत 82 अंश, म्हणजे 4,920 मैल, जाऊन-येऊन 9,840. त्या अक्षवृत्तावरची पूर्ण फेरी विषुववृत्ताच्या जेमतेम पंचेचाळीस टक्के भरते, सुमारे 9,800 मैल. बेरीज 19,600 च्या आसपास येते, आणि गोलावरून तिरका मार्ग धरला तर त्याहूनही कमी. म्हणजे मुंबईहून सरळ दक्षिणेला उतरून फिरून येणाऱ्याला या संस्थेच्या मापात बसायचं असेल तर वाटेत उत्तरेला आणखी एखादं ठिकाण वळसा घालून यावं लागेल. टॉमींनी प्रत्यक्ष कापलेलं अंतर मात्र 23,000 मैलांच्या घरात होतं.

मग त्यांचा पराक्रम उणा ठरतो का? माझ्या मते मुळीच नाही. हे सूत्र वेगवेगळ्या बंदरांतून निघालेल्यांच्या वेळांची तुलना व्हावी म्हणून केलेलं आहे. ‘पहिला’ कोण, हा प्रश्न निराळा. केप ऑफ गुड होप, लीविन आणि हॉर्न ही तिन्ही भूशिरं, विषुववृत्त दोनदा, सगळी रेखावृत्तं आणि कुणाचाही हात न लागता परत मुंबई, एवढं ज्याने केलं त्याच्या नावापुढे तळटीप लावायचं कारण नाही.

याच सूत्रावरून 2010 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेसिका वॉटसनवर टीकेचा भडिमार झाला. सोळा वर्षांची ही मुलगी सिडनीहून निघून 210 दिवसांनी परतली. विषुववृत्ताच्या जेमतेम उत्तरेला जाऊन ती दक्षिणेला वळली होती, त्यामुळे सूत्राने तिचे मैल कमी भरत होते. शिवाय ही संस्था ‘सर्वांत लहान वयाचा’ असा विक्रम नोंदवतच नाही. तो निर्णय मला योग्य वाटतो. वयाची चढाओढ लावली की पुढचं मूल आणखी लहान असणार, आणि दक्षिण महासागर कुणाचं वय विचारत नाही.

‘एकट्याने’ या शब्दावरही एकमत नाही. फ्रान्समधून निघणाऱ्या व्हांदे ग्लोब शर्यतीत किनाऱ्यावरच्या तज्ज्ञाने हवामान पाहून मार्ग सुचवायला बंदी आहे. इंजिनाच्या शाफ्टला सील ठोकतात आणि परतल्यावर ते तपासतात. पण वेगाच्या विक्रमात अशी सल्लामसलत चालते. 2017 मध्ये फ्रांस्वा गाबारने 42 दिवस 16 तासांत एकट्याने फेरी पुरी केली, तेव्हा वारे वाचून वाट सांगणारी माणसं जमिनीवर होती. होडीत तो एकटाच होता, निर्णयांत नव्हता. दोन्ही प्रकार प्रामाणिक आहेत, मात्र एकाच पारड्यात तोलू नयेत.

नियम इतके कडक का झाले, त्याचं उत्तर एकट्याने, न थांबता प्रदक्षिणा करण्याच्या 1968 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आहे. स्पर्धक डोनाल्ड क्रोहर्स्टची होडी दक्षिण महासागराला टिकणारी नव्हती. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवत गेला. दुरुस्तीसाठी तो अर्जेंटिनात गुपचूप किनाऱ्यालाही लागला. तो पाठीवर आहे असं समजून नायजेल टेटलीने आपली खिळखिळी होडी जोरात हाकली आणि ती बुडाली, टेटली वाचला. जुलै 1969 मध्ये क्रोहर्स्टची होडी रिकामी सापडली, आत त्याच्या खोट्या-खऱ्या नोंदी होत्या. शर्यत पुरी करणारा एकटा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ‘सुहेली’ ही होडी मुंबईत बांधलेली. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

ती शर्यत 2018 पासून पुन्हा भरते. सेक्स्टंटने सूर्य-तारे पाहून वाट काढायची, जीपीएस सीलबंद. एकदा थांबलात तर मुख्य वर्गातून बाद होऊन चिचेस्टर वर्गात. 2018 मध्ये टॉमींच्या ‘थुरिया’ची डोलकाठी वादळात मोडली आणि पाठीला जबर इजा झालेल्या टॉमींना फ्रेंच जहाजाने वाचवलं. 2022 ला ते पुन्हा निघाले. त्या वेळी सायमन कर्वेनने वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र मोडलं म्हणून चिलीत थांबा घेतला. तो सगळ्यांत आधी बंदरात पोचला, तरी विजेती ठरली न थांबलेली किर्स्टन नॉयशेफर. वाटेत तिने होडी बुडालेल्या एका स्पर्धकाला वाचवलं होतं, त्यात गेलेला वेळ तिला भरून दिला गेला. टॉमींचंही सुकाणूयंत्र मोडलं होतं. त्यांनी संडासाचं दार कापून त्याचे भाग घडवले, बंदर घेतलं नाही आणि 29 एप्रिल 2023 ला दुसरे आले.

आवटी नोव्हेंबर 2018 मध्ये गेले. त्यांची मोहीम चालू राहिली. ‘तारिणी’ या होडीतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून निघाल्या आणि बंदरं घेत 29 मे 2025 ला परतल्या. नोंद झाली ती दोघींनी मिळून, थांबत केलेल्या प्रदक्षिणेची. एकटीने, न थांबता, हा रकाना भारतीय स्त्रीसाठी अजून रिकामा आहे.