तेलाचा थेंब कोठून आला?

रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीखालीं सकाळीं तांबडा डाग दिसला म्हणजे मालकाच्या मनांत पहिला विचार येतो तो खर्चाचा. गिअरपेटी बिघडली असें त्यास वाटतें, आणि उतावळा कारागीरहि पुष्कळदां तेंच सांगतो. वास्तविक गळतीचें मूळ शोधणें हें हत्यारांपेक्षां डोळ्यांचें काम अधिक आहे. तें कसें करावें हें थोडक्यांत सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

अमेरिकेंत शेतकरी, सुतार वगैरे लोक सामान वाहण्यासाठीं उघड्या हौद्याची लहान मालमोटार वापरतात; तिला पिकअप म्हणतात. त्यांपैकीं १९७० नंतरच्या दशकांतील शेव्हरोलेट पिकअप आपण उदाहरणादाखल घेऊं. अशा पुष्कळ गाड्यांत टर्बो-हायड्रामॅटिक ३५० नांवाची स्वयंचलित गिअरपेटी असे.

या पेटींत तेल हें केवळ वंगण नव्हे. इंजिनाची शक्ति तेलाच्याच प्रवाहानें पुढें जाते, त्याच्याच दाबानें आंतील क्लच घट्ट धरले जातात, आणि उष्णताहि तेंच बाहेर वाहून नेतें. तेल कमी पडलें कीं पंप हवा ओढूं लागतो, दाब ढळतो, आणि क्लच घसरून जळतात. म्हणून गळतीकडे दुर्लक्ष करणें महाग पडतें. परंतु ती भलत्याच ठिकाणीं शोधणेंहि तितकेंच महाग; कारण पुढचें सील बदलावयाचें तर सबंध पेटी खालीं उतरवावी लागते, आणि तेल भरण्याच्या नळीच्या बुडाचें रबरी कडें मात्र अल्प किंमतींत मिळतें.

प्रथम तेल कोणतें तें ठरवावें. गाडीखालीं पांढरा पुठ्ठा रात्रभर पसरून ठेवावा. गिअरपेटीचें तेल मुद्दाम लाल रंगविलेलें असतें. जुनें झालें म्हणजे तें तपकिरी होतें. इंजिनाचें तेल पिंगट किंवा काळें दिसतें. परंतु लाल डाग म्हणजे गिअरपेटीचाच असेंहि समजूं नये. कित्येक गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्यें हेंच लाल तेल असतें. तो डाग बहुधा पुढच्या चाकांजवळ पडतो.

यानंतर तेलाची पातळी पाहावी. गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, तेल गरम आणि गिअरचा दांडा ‘पार्क’वर असावा. पट्टी पुसून पुन्हां आंत घालावी व मग वाचावी. तिच्यावरील ‘भरा’ व ‘पूर्ण’ या खुणांमध्यें केवळ एका पाइंटाचें, म्हणजे सुमारें अर्ध्या लिटराचें अंतर असतें. तेल अधिक भरलें तर त्यास फेंस येऊन तें हवा जाण्याच्या नळींतून बाहेर पडतें. येथें कोणतेंहि सील दोषी नसतें. दोष भरणाराच्या हाताचा असतो.

आतां मुख्य गोष्ट. जेथें थेंब पडतो तेथेंच गळती असते असें नाहीं. तेल कडांवरून ओघळतें, आणि गाडी धांवूं लागली कीं वारा त्यास मागें ढकलतो. म्हणून पेटी बाहेरून पूर्ण धुवून कोरडी करावी, थोडा वेळ गाडी चालवावी, आणि मग विजेरीच्या उजेडांत सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ओला भाग शोधावा. उगम बहुधा तेथेंच असतो. खालच्या तबकास तेरा बोल्ट असतात. ते वाजवीपेक्षां अधिक आवळले तर पत्र्याची कड वांकते आणि गळती वाढते. तबक ओलें दिसलें तरी त्याच्या वरची गव्हर्नरची टोपी, स्पीडोमीटरचा सांधा व दांड्याचें सील पाहिल्यावांचून पान्यास हात लावूं नये. इंजिन व पेटी यांच्या जोडाखालीं थेंब दिसला तर आधीं इंजिनाचा मागचा भाग वरपर्यंत पाहावा. व्हॉल्व्हवरील झांकणांतून निसटलेलें इंजिनाचें तेल तेथूनच खालीं येतें, आणि त्यापायीं चांगली पेटी व्यर्थ उतरविली जाते.

सर्वांत फसवी गळती ती, कीं जिचा थेंब जमिनीवर पडतच नाहीं. या पेटीस एक मॉड्युलेटर असतो. त्यांत रबरी पडदा असून एक नळी त्यास इंजिनाशीं जोडते. पडदा फाटला कीं इंजिन त्या नळीवाटे तेल शोषून घेतें व जाळून टाकतें. पातळी रोज उतरते, मागून पांढरा धूर निघतो, आणि पुठ्ठा कोरडाच राहतो. अशा वेळीं नळी काढून तिच्यांत तेल आहे का हें पाहावें. तें असल्यास मॉड्युलेटर बदलावा. त्याचप्रमाणें हें तेल थंड करण्याची नळी रेडिएटरच्या आंत असते. ती फुटली तर तेल व पाणी मिसळून गुलाबी दुधासारखें होतें. तसें दिसल्यास गाडी मुळींच चालवूं नये.

एक सूचना मात्र अवश्य पाळावी. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये. भक्कम लोखंडी घोड्या लावाव्या. तसेंच धुराच्या तापलेल्या नळीवर तेल ठिबकत असेल तर आगीचें भय असतें. तें काम उद्यांवर टाकूं नये.

सारांश, थेंब आपणांस गळती आहे एवढेंच सांगतो. ती कोठें आहे हें तो सांगत नाहीं. तें जाणण्यासाठीं आधीं स्वच्छ करावें, मग पाहावें, आणि सर्वांत शेवटीं पाना उचलावा. या क्रमानें चालणाराचे पैसे वांचतात, आणि जुनी गाडी आणखी पुष्कळ वर्षें सेवा करिते.